तोंडी हिशेबाचा तास शाळेतून कधी गेला?

गोदाकाठ (धागालेखिका) :

‘आजकालच्या मुलांना पाढे येत नाहीत’ ही तक्रार नाशकात रविवार कारंजावरच्या किराणा दुकानापासून शाळेच्या पालकसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये नोकरीची सगळी वर्षे प्राथमिकचे वर्ग सांभाळल्यावर माझे मत थोडे निराळे झाले आहे. ते सविस्तर मांडावे आणि सर्वांचे अनुभव ऐकावेत, म्हणून हा धागा काढत आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना वीसपर्यंतचे पाढे म्हणता येत असत. जे गेले ते पाढ्यांना मिळणारे काम, आणि ते काम मनातल्या मनात करण्यासाठी शाळेने व घराने राखून ठेवलेला वेळ.

आमच्या आधीच्या पिढीने बे ते तीस या पाढ्यांखेरीज पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, इतके सारे पाठ केलेले असे. नुसती यादी ऐकली तर ही स्मरणशक्तीची कसरत वाटते. पण त्या काळची नाणी आणि वजने समोर ठेवली की यांतल्या बहुतेक पाढ्यांचे प्रयोजन दिसू लागते. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै होत असत. शेराचे १६ छटाक होते आणि मणाचे ४० शेर. रुपया आणि शेर हे दोन्ही सोळाने विभागलेले असल्यामुळे ‘रुपयाला जितके शेर, आण्याला तितकेच छटाक’ हा नियम कोणत्याही भावाला लागू पडत असे. मणाचे ४० शेर आणि रुपयाचे १६ आणे यांचे गुणोत्तर अडीच येते. म्हणून मणाला जितके रुपये पडतात तितकेच आणे अडीच शेरांना पडतात. गव्हाचा मण १८ रुपयांना असेल, तर अडीच शेर गव्हाला १८ आणे, म्हणजे एक रुपया दोन आणे. तेरा आणे शेराची साखर पाऊण शेर घेतली, तर तेराची पाऊणकी पावणेदहा हे जिभेवरच असे आणि त्यासाठी कागद लागत नसे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याच दिवशी भारताच्या नकाशाची टपाल तिकिटे नव्या पैशांत निघाली आणि ती आपल्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापली गेली होती, ही गोष्ट मी वर्गात नेहमी आवर्जून सांगत असे. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने येऊ लागली आणि १९६२ मध्ये ती सक्तीची झाली. १९६४ मध्ये ‘नवे’ हे विशेषणही गळून नुसते पैसे राहिले. थोडक्यात, सात-आठ वर्षांच्या आत सोळा आणि चाळीस हे दोन्ही आकडे बाजारातून उठले. पावकी-अडीचकी त्यानंतरही काही वर्षे अंकलिपीत छापली जात राहिली, पण तिला जे काम होते ते संपलेले होते. मला याचे दुःख नाही. दशमान पद्धत शिकायला आणि शिकवायला किती तरी सोपी आहे आणि ज्याने दोन्ही शिकवल्या आहेत तो जुन्या पद्धतीकडे परत जाण्याचा विचारही करणार नाही.

मला खंत वाटते ती पुढच्या गोष्टीची. जुन्या शाळेत तोंडी गणिताचा वेगळा तास असे. गुरुजी उदाहरण एकदाच सांगत, मुले मनात करत, पाटीवर फक्त उत्तर लिहून पाटी पालथी ठेवत, आणि सगळ्यांचे झाल्यावर उत्तरे पाहिली जात. संध्याकाळी घरी दिवेलागणीला परवचा होई. त्यात स्तोत्रांच्या जोडीने पाढे असत आणि एखादे काका मध्येच ‘सव्वा रुपयाने सात नारळ’ असे विचारून मुलाला अडवत. दशमान पद्धत आल्यावर या तासाला नवा मजकूर मिळायला हवा होता : शेकडेवारी, जवळच्या पूर्ण आकड्याला नेऊन अंदाज काढणे, दशांशचिन्ह योग्य जागी पडले आहे की नाही हे नजरेने तपासणे. त्याऐवजी सत्तरच्या दशकात पुस्तकात संचांचे गणित आले आणि लेखी परीक्षेचे महत्त्व वाढले. ज्या गोष्टीला गुण नाहीत तिच्यासाठी वेळापत्रकात जागा उरत नाही. तोंडी गणित असेच हळूहळू बाहेर गेले. कोणी ते ठरवून काढले नाही, आणि म्हणूनच ते गेल्याचे फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही.

सर्वांना माझी विनंती आहे की आपण रोजच्या आयुष्यात प्रत्यक्ष कोणते हिशेब करता, ते कुठे शिकलात आणि आपल्या घरातल्या पुढच्या पिढीला ते येतात का, हे इथे लिहावे.

द्राक्षबाग :

ताई, आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. द्राक्षाबरोबर कांदाही असतो, त्यामुळे लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजार समितीत जाणे नेहमीचे आहे. लिलावात भाव क्विंटलला पुकारला जातो आणि वजन काट्यावर निघते. माझ्या वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. समजा भाव १,८७५ रुपये निघाला आणि माल २३ क्विंटल ४० किलो भरला. वडील आधी भाव दोन हजार धरतात : ४६,८०० रुपये. मग जास्तीचे सव्वाशे काढून टाकायचे असतात. सव्वाशे म्हणजे हजाराचा आठवा हिस्सा, म्हणून २३,४०० ला आठाने भागून २,९२५. वजा करून ४३,८७५. हे सारे ते काट्यापासून गाळ्यापर्यंत चालत जाताना करतात. पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, हातात येते तेव्हा हमाली, तोलाई आणि वाराई हे खर्च वजा करून किती राहायला हवेत, हे त्यांना आधीच माहीत असते.

माझा मुलगा अभियांत्रिकीला आहे आणि गणितात हुशार आहे. त्याने हाच हिशेब मोबाइलवर केला, दशांशचिन्ह द्यायचे राहिले, आणि त्याने ४,३८,७५० हा आकडा वाचून दाखवला. एका ट्रॅक्टरच्या मालाला चार लाखांवर रक्कम कशी येईल, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहिला नाही. तो वडिलांनी विचारला. दशांशचिन्ह नजरेने तपासण्याबद्दल आपण जे लिहिले आहे ते मला म्हणूनच अगदी पटले.

आमच्याकडे दुसरी अडचण जमिनीची आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि गावात बोलणे एकर-गुंठ्यांत चालते. १ हेक्टर २० आर म्हणजे तीन एकरांना साधारण दीड गुंठा कमी, हे जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. औषधाची मात्रा आता एकरी सांगितली जाते, पाणी लिटरमध्ये असते आणि औषध मिलिलिटरमध्ये. ही त्रैराशिके दररोज करावी लागतात आणि ती चुकली तर बाग जळते.

पाचवीचीआई :

मी सिडको भागात राहते. आमच्या घरात वजाबाकीवरून रोज वाद होतो, तो इथे मांडते. ५२ मधून २७ वजा करताना सासूबाई म्हणतात, ‘बारातून सात गेले पाच, हातचा एक दोनात मिळवला, तीन, पाचातून तीन गेले दोन, उत्तर पंचवीस.’ मुलीला शाळेत शिकवले आहे की पाच दशकांतला एक सुट्टा करायचा, म्हणजे चार दशक आणि बारा एकक, मग बारातून सात आणि चारातून दोन. मुलगी म्हणते की आजी खालच्या आकड्यात एक उगाच मिळवते, आणि सासूबाई म्हणतात की शाळेत वरचा आकडा खोडून वही घाण करायला शिकवतात. उत्तर दोघींचे पंचवीसच येते. ताई, यातली योग्य पद्धत कोणती म्हणावी?

गोदाकाठ :

दोन्ही योग्य आहेत, आणि दोन्ही का चालतात हे मुलीला सांगितले तर तिचे गणित पक्के होईल. सासूबाईंच्या पद्धतीत दोन्ही संख्यांत दहा मिळवले जातात : वरच्या संख्येला दहा एकक म्हणून आणि खालच्या संख्येला एक दशक म्हणून. दोन्हीकडे सारखेच मिळवल्यामुळे फरक बदलत नाही. मुलीच्या पद्धतीत वरच्या संख्येचीच फोड वेगळी होते, संख्या तीच राहते. पहिली पद्धत हाताला चटकन बसते. शून्ये असलेल्या संख्यांत, उदाहरणार्थ १,००० मधून ३६७ वजा करताना, ती फार सोयीची पडते. दुसरी काड्यांचे गठ्ठे सोडून डोळ्यांना दाखवता येते, म्हणून शिकवण्याच्या सुरुवातीला मी तीच घेत असे.

आता तिसरी पद्धत सासूबाईंनाच विचारा, कारण ती त्यांना नक्की येत असणार. सत्तावीसचे तीस करायला तीन, तीसपासून बावन्नपर्यंत बावीस, एकूण पंचवीस. सुट्टे पैसे परत देताना दुकानदार हेच करत असे : ३७ रुपयांचा माल, शंभराची नोट, तर तो ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, पन्नास, शंभर’ असे मोजत नाणी आणि नोटा हातावर ठेवी. वजाबाकी असून त्यात वजा काहीच करावे लागत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आले आणि बघता बघता भाजीवाल्याच्या गाडीवरही क्यूआर कोडचा चौकोन लागला. त्याबरोबर ही सुट्ट्यांची मोजणी मुलांच्या डोळ्यांसमोरून गेली. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत रोजच्या अंकगणिताच्या सरावाचे यापेक्षा मोठे नुकसान दुसरे झालेले नाही.

इथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करते, कारण तिचा संबंध लहान वयातल्या चुकांशी आहे. आपण ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. पहिली-दुसरीतली बरीच मुले त्यामुळे २७ च्या जागी ७२ लिहितात. हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत जोडीला दिली गेली तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे समजावून सांगितले होते. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. ज्यांनी दुसरीचा वर्ग कधी शिकवलेला नाही अशांनीच त्या वेळी सर्वांत मोठा आवाज केला, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

आकडेमोड :

धागा वाचनीय आहे, पण मला एका बाबतीत असहमती नोंदवायची आहे. आपण ‘आधीच्या पिढीला हिशेब येत होता’ असे म्हणतो तेव्हा त्या पिढीतल्या नेमक्या कोणाबद्दल बोलतो? १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. ज्यांच्या तोंडी आपण पावकी-निमकी ऐकली ते आजोबा त्या थोड्यांपैकी होते, आणि त्यांतही बहुसंख्य मुलगे आणि ठरावीक घरांतले. माझी आजी शाळेत गेली नाही. आज तिसरीतल्या ज्या मुलाला वजाबाकी जमत नाही त्याचे पणजोबा बहुधा त्या शाळेच्या ओट्यावरही पोहोचले नसतील. म्हणून पूर्वीच्या निवडक मुलांची तुलना आजच्या सगळ्या मुलांशी करणे न्याय्य नाही.

याचा अर्थ आजची स्थिती चांगली आहे असा नाही. ‘असर’ या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या मुलांना त्यांच्या घरी जाऊन साधी उदाहरणे घातली जातात. २०२२ मध्ये तिसरीतल्या सुमारे २६ टक्के मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमली आणि २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवर आले. पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जमणारी मुले २०२४ मध्ये सुमारे ३१ टक्के होती. सुधारणा आहे, पण दहातल्या सात मुलांना पाचवीत भागाकार येत नाही हे वास्तव आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्रीचे काम करणारी मुले आणि शाळेत जाणारी, पण असे काम न करणारी मुले, यांना त्यांनी दोन्ही प्रकारची उदाहरणे घातली. वीस रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे १.४ किलो कांदे घेऊन दोनशेची नोट दिली, तर परत किती, हे बाजारातली मुले मनात करून सांगत : सोळा आणि एकवीस मिळून सदतीस, परत १६३. तीच मुले कागदावरच्या साध्या भागाकारापाशी अडत. उलट शाळेतली मुले कागदावर बरी होती, पण बाजारातला हिशेब मनात करणे त्यांतल्या फारच थोड्यांना जमले. म्हणजे एका ठिकाणचे कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. द्राक्षबाग यांच्या घरातले आजोबा आणि नातू हे मला या अभ्यासाचेच उदाहरण वाटले. नातवाला गणित येत नाही असे कोणी म्हणणार नाही, आणि आजोबांना बारावीचा पेपर दिला तर ते तो सोडवणार नाहीत.

गोदाकाठ :

आपली पहिली दुरुस्ती मला पूर्णपणे मान्य आहे आणि ती या धाग्यात आली हे बरे झाले. मुलींच्या बाबतीत तर ती शंभर टक्के खरी आहे. तरीही एक भर घालते. शाळेत न गेलेल्या बायकांचाही हिशेब पक्का असे, तो त्या घरातल्या आणि बाजारातल्या मापांवर शिकत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही दुपटीची साखळी ज्या बाईच्या हातात आहे तिला अर्धा, पाव आणि अर्धपाव कोणी फळ्यावर शिकवावे लागत नाही. आपण सांगितलेला अभ्यास हेच म्हणतो की शाळेने या दोन कौशल्यांमध्ये पूल बांधायला हवा. जुन्या तोंडी गणिताच्या तासात बाजारातला भाव शाळेत येत असे, आणि तो तास पुन्हा हवा असे मी म्हणते ते याच कारणाने.

सूतफूट :

मी बांधकामाची कामे घेतो, राहायला सातपूरला आहे. अपूर्णांक गेले असे जे सर्वसाधारणपणे म्हटले जाते ते आमच्या धंद्यात खरे नाही. सुतार आजही इंचाचे आठ सूत मोजतो. नळाचे पाइप अर्धा इंची, पाऊण इंची आणि सव्वा इंचीच मागवले जातात. वाळू आणि खडी ब्रासने येते आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बारा बाय दहाच्या खोलीवर पाच इंच जाडीचा स्लॅब टाकायचा तर गवंडी उभ्या उभ्या सांगतो : १२० चौरस फूट, बारा इंच जाडी असती तर १२० घनफूट, पाच इंचांना पन्नास, म्हणजे अर्धा ब्रास काँक्रीट. हे गणित त्याला कोणत्या शाळेत शिकवले, असे विचारले तर तो आपल्या उस्तादाचे नाव सांगतो.

आमच्याकडे पदविका घेऊन येणारी मुले मीटरमध्ये शिकलेली असतात आणि साइटवर फुटांत बोलावे लागते. पहिले सहा महिने त्यांची तारांबळ होते. ती मुले कमी पडतात असे मी म्हणणार नाही. त्यांना एकच गोष्ट कोणी सांगितलेली नसते, ती म्हणजे उत्तर काढण्याआधी ते साधारण किती यावे हे मनाशी ठरवायचे असते.

शेकडा :

मी एका पतसंस्थेत नोकरी करून निवृत्त झालो. मला आजच्या सुशिक्षित माणसांना न येणारा एक हिशेब सांगावासा वाटतो, कारण त्यात लोकांचे प्रत्यक्ष पैसे जातात. जुनी माणसे व्याज महिन्याच्या शेकड्याने बोलत : शेकडा दीड रुपया म्हणजे वर्षाला अठरा टक्के. आकडा लहान वाटला तरी त्याचा अर्थ सर्वांना माहीत होता. आता कर्ज देताना सांगितले जाते, ‘फक्त बारा टक्के सरळ दर’. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले, तर व्याज ३६,००० आणि दरमहा हप्ता सुमारे ३,७७८ रुपये येतो. कर्जदार समाधानाने सही करतो. पण पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल परत जायला लागते, त्यामुळे तीन वर्षांत सरासरीने त्याच्या हातात निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम असते, आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारलेले असते. घटत्या शिल्लकीवर हाच दर सुमारे २१ टक्के होतो. नेमका आकडा काढायला यंत्र लागेल हे मान्य. पण ‘सरासरी निम्मी रक्कम, म्हणून खरा दर दुपटीच्या आसपास’ एवढे मनात यायला सहावी-सातवीचे सरळव्याज पुरेसे आहे. पदवीधर लोकही हा विचार करत नाहीत हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

सोन्याच्या बाबतीतही असेच होते. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा हे कोष्टक गेले ते ठीक झाले. पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आज सराफ बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात. आजीच्या ‘पाच तोळ्यांच्या पाटल्या’ मोडायला नेताना घरच्यांनी हे लक्षात ठेवले तर वजनाच्या काट्यावर गोंधळ होणार नाही.

नवीनसदस्य :

मी गंगापूर रोडवर राहतो आणि संगणक क्षेत्रात काम करतो. सर्वांचा आदर राखून विचारतो : खिशात गणकयंत्र असताना मुलांचा वेळ तोंडी हिशेबावर का घालवावा? तोच वेळ संगणकाची भाषा किंवा संख्याशास्त्र शिकायला दिला तर पुढे अधिक उपयोग होणार नाही का? अबॅकसच्या वर्गांना जाणारी मुले मी पाहतो. भराभर बेरजा करतात, पण त्या वेगाचे पुढे काय करायचे हे मला कळलेले नाही.

आकडेमोड :

अबॅकसबद्दल माझेही मत तसेच आहे. पाच ओळींची बेरीज काही सेकंदांत करणे हे वेगळे कौशल्य आहे आणि आपल्या धाग्याचा विषय तो नाही. पण यंत्र असणे हेच अंदाज शिकण्याचे कारण आहे. यंत्र चुकत नाही, बोट चुकते, आणि चुकलेले बोट ओळखायला उत्तराचा आवाका आधी डोक्यात असावा लागतो. संख्याशास्त्रात तर हे पावलोपावली लागते. टक्केवारीत दहाची वाढ (वीसवरून तीस) आणि दहा टक्क्यांची वाढ (वीसवरून बावीस) यांतला फरक ज्याला मनात करता येत नाही, त्याला कितीही चांगले आलेख दाखवले तरी तो फसतो.

देवळालीकर :

नाशिकच्या धाग्यावर गणिताची चर्चा चालू आहे आणि द. रा. कापरेकर यांचे नाव अजून आले नाही, म्हणून लिहितो. त्यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला आणि १९३० ते १९६२ या काळात ते आमच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. मोठमोठ्या गणितज्ञांपैकी बऱ्याच जणांनी सुरुवातीला त्यांची दखलही घेतली नाही. गणितावर सामान्यांसाठी लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले.

त्यांचा १९४९ मधला शोध चौथीतल्या मुलालाही समजतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हेच करत राहावे. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते. पाचवीच्या आईंनी घरी हे करून पाहावे. मुलीने चार संख्या निवडल्या तर तिच्या हातून हातच्याच्या दहा-बारा वजाबाक्या सहज होतील, आणि त्या ती शिक्षा म्हणून करणार नाही. उत्तर ६१७४ आले नाही तर चूक कुठे झाली हे ती स्वतःच शोधेल, शिक्षकाच्या लाल शाईची वाट पाहणार नाही. आजींनी त्यांच्या पद्धतीने करावे आणि नातीने तिच्या.

त्यांच्या ‘स्वयंभू’ संख्याही अशाच आहेत. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या येते, जसे १५ मध्ये १ आणि ५ मिळवून २१. अशा रीतीने जी कधीच मिळत नाही ती स्वयंभू; २० ही तशी संख्या आहे. अशा संख्यांना जगात देवळाली संख्या असेही म्हणतात, आणि आमच्या गावातल्या किती मुलांना हे माहीत आहे, या विचाराने मला खरोखर वाईट वाटते.

पाचवीचीआई :

६१७४ काल रात्रीच करून पाहिले. सासूबाई आणि मुलगी दोघी एका वहीवर बसल्या होत्या आणि जेवणे उशिरा झाली. गोदाकाठ ताई, आपण वर तोंडी गणिताच्या नव्या मजकुराबद्दल लिहिले आहे. रोज दहा मिनिटे घरी घ्यायचे ठरवले, तर नेमके काय विचारावे? आमच्या पिढीला तो तासच मिळाला नाही, त्यामुळे आम्हाला प्रश्न तयार करता येत नाहीत.

गोदाकाठ :

पहिला नियम असा की कागद आणि मोबाइल दोन्ही दूर ठेवावेत, प्रश्न एकदाच सांगावा आणि उत्तराला पुरेसा वेळ द्यावा. घाई करू नये. वेग सरावाने येतो, धाकाने येत नाही. दुसरा नियम असा की उत्तर आल्यावर ‘कसे काढलेस’ हे विचारावे, उत्तर बरोबर असले तरीही. मुलगी आपली रीत शब्दांत सांगते तेव्हा खरे शिक्षण होते. तिसरे म्हणजे घरातलेच आकडे घ्यावेत. किराण्याची यादी आली की यंत्राआधी एकूण किती होईल ते शंभराच्या जवळपास सांगायला लावावे. ६० रुपये किलोचे टोमॅटो पाऊण किलो घेतले तर किती; ४८ रुपये किलोची द्राक्षे सव्वा किलो घेतली तर किती; इथे जुनी पाऊणकी आणि सवायकी पाठ न करताही कामाला येते, कारण ४८ चा पाव भाग बारा आणि तो ४८ मध्ये मिळवला की साठ. मुंबई नाक्यावरून बस पावणेसातला सुटली आणि ठाण्याला साडेदहाला पोहोचली तर प्रवास किती वेळाचा. एखाद्या वस्तूच्या बिलात अठरा टक्के कर धरून १,१८० रुपये लिहिले आहेत, तर मूळ किंमत किती. आणि मग हेच १,४७५ रुपयांच्या बिलासाठी. आठवड्यातून एक दिवस मुलीने प्रश्न काढावेत आणि मोठ्यांनी उत्तरे द्यावीत.

पाचवीनंतर ‘शेकडा’ यांनी सांगितलेले हप्त्याचे उदाहरण लहान आकडे घेऊन जरूर करावे : बाराशे रुपये उसने, दरमहा शंभर परत, तर सहा महिन्यांनी आपल्याकडे किती उरले.

द्राक्षबाग :

ताईंच्या यादीत आमचीही भर घ्यावी. एकराला २०० लिटर पाणी आणि लिटरला दीड मिलिलिटर औषध, तर ३० गुंठ्यांच्या बागेला पाणी किती आणि औषध किती. काल मुलाला हे तोंडी विचारले. त्याने थोडा वेळ घेतला आणि दीडशे लिटर व सव्वादोनशे मिलिलिटर असे बरोबर सांगितले. वडिलांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला की पंपाची टाकी सोळा लिटरची असेल तर टाक्या किती आणि शेवटच्या टाकीत औषध किती. त्यावर दोघे अजून बोलत आहेत.